तळघरात आग लागली तर वरच्या मजल्यावर पाय ठेवायचा का?

लाल_गाडी

काळबादेवी, भुलेश्वर, मशीद बंदर, गिरगाव या पट्ट्यात खाली तळघर, रस्त्याला दुकान आणि वर तीन-चार मजले बिऱ्हाडं अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. तळघरात कापडाचे तागे, पुठ्ठ्याची खोकी, प्लास्टिकचा माल. उपनगरांत टॉवरखाली दोन-तीन पातळ्यांचं पार्किंग, एका कोपऱ्यात डीजी सेट (डिझेल जनरेटर), दुसऱ्या कोपऱ्यात लोकांनी टाकून दिलेलं फर्निचर. दोन्हीकडे आग लागली की पहिली धाव तळमजल्यावर जाते, कारण दार तिथे आहे आणि खाली उतरणारा जिनाही तिथेच आहे.

तळमजल्यावरचं हेच ठिकाण सगळ्यात धोक्याचं. इतर मजल्यावरची आग समोर दिसते, तिच्याकडे जाताना आपण न जळलेल्या जमिनीवरून जातो. तळघराच्या आगीत जळत असतं ते आपण उभे असतो त्या जमिनीचं खालचं अंग, आणि ते फक्त खालून दिसतं. वर लादी कोरडी असते, हाताला जेमतेम कोमट लागते, धूरही कधी कधी फारसा नसतो.

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये आग विझवण्याचं काम चालू असताना इमारत कोसळली. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अधिकारी मुंबईने त्यात गमावले. लाकडी सांगाड्याची जुनी इमारत आगीत किती वेळ तग धरते हा प्रश्न तेव्हापासून तरी प्रत्येक स्टेशनच्या तोंडपाठ असायला हवा.

धागा एवढ्यासाठीच: पायाखालचा मजला का जातो, किती वेळात जातो, आधी काय दिसतं आणि काय दिसत नाही. माहीतगारांनी आकड्यांनिशी लिहा. सोसायटीच्या लोकांनीही विचारा, कारण निम्मी तयारी त्यांच्या हातात असते.

तुळई_वासा

स्ट्रक्चरच्या बाजूने लिहितो. मुंबईत तळघरावरची जमीन साधारण चार तऱ्हांची सापडते आणि चारही वेगवेगळ्या पद्धतीने जातात. त्यामुळे 'किती मिनिटं' याचं एकच उत्तर नाही.

आधी लाकूड. मोठ्या तुळया, त्यांवर आडवे वासे, त्यावर फळ्या, त्यावर चुन्याचा किंवा विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर शहाबादी लादी. लाकूड एका वेगाने कोळसा होत आत जातं, मिनिटाला ०.५ ते ०.८ मिमी. घट्ट जुनं सागवान कमी वेगाने, नंतर बदललेलं हलकं लाकूड जास्त वेगाने. हिशोबाला ०.७ धरू. ७५ मिमी रुंद आणि २०० मिमी खोल वासा दोन्ही कुशींनी आणि खालून जळतोय. वीस मिनिटांत प्रत्येक उघड्या बाजूचे १४ मिमी गेले. उरला ४७ बाय १८६. वाकण्याची ताकद रुंदी गुणिले खोलीच्या वर्गावर असते, म्हणजे मूळच्या ५४ टक्के. तेवढ्याच वेळात ३०० बाय ३०० च्या मुख्य तुळईची ताकद ८२ टक्के शिल्लक असते. म्हणून लाकडी इमारतीत तुळई उभी राहते आणि दोन तुळयांमधला पट्टा माणसासकट खाली जातो.

हा झाला कागदावरचा वासा. प्रत्यक्षात वाशाचं टोक भिंतीच्या खोबणीत असतं आणि मोरीचं, पावसाचं, गळक्या पाइपाचं पाणी नेमकं तिथे मुरतं. मधून वासा ठणठणीत, पण भिंतीला लागून स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर दोन-तीन सेंटिमीटर सहज आत जातो, काळपट भुसा बोटाला लागतो. असं टोक आगीआधीच निम्मं गेलेलं असतं. वरचा हिशोब त्याला लागू करायचा नाही.

दुसरा प्रकार लोखंडी गर्डर, त्यावर दगडी लादी किंवा विटांच्या लहान कमानी. लोखंड जळत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. पोलाद ५५० अंश सेल्सियसच्या आसपास जवळपास निम्मी ताकद गमावतं, आणि वर प्लास्टर किंवा काँक्रीटचं कवच नसलेला मध्यम गर्डर भडकलेल्या आगीत पाव तासाच्या आसपास तिथे पोहोचतो. त्याआधी तो लांबतो. पाच मीटरचा गर्डर ५०० अंशांनी तापला तर ३० मिमी वाढतो आणि भिंतीला बाहेर ढकलतो. मग आग तळघरात असली तरी रस्त्याकडच्या भिंतीला पोट येतं. कमानींचा सगळा तोल दोन बाजूंच्या दाबावर असतो. गर्डर सरकला की कमान सुटते.

याच इमारतींत बिडाचे खांब असतात. तापलेल्या बिडावर थंड पाण्याचा जेट थेट मारला तर खांब तडकू शकतो. बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं.

आरसीसी आणि पोटमाळ्याबद्दल पुढच्या प्रतिसादात.

पागडीवाला

लाल_गाडी, धाग्याबद्दल आभार. आमची इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), १९४० च्या आधीची. तळमजल्याला गेली काही वर्षं टेकू आहेत, त्यातले काही तळघरातून उभे केलेत. टेकू आहेत म्हणजे आधार जास्त, असं धरायचं का आगीच्या वेळी?

गवंडीकाम

@पागडीवाला, उलट धरायचं. टेकू लावलाय याचा अर्थ वरच्या तुळईचं वजन आता भिंतीवरून उतरून त्या टेकूवर आलंय. तो लाकडी बल्ली असेल तर चारी बाजूंनी जळतो. लोखंडी पाइपाचा असेल तर त्याची जाडी तीन-चार मिमी, गर्डरच्याही आधी तापतो आणि बारीक उभा खांब असल्याने मधेच वाकतो. शिवाय बहुतेक टेकू खाली फळीच्या तुकड्यावर पाचरी ठोकून घट्ट केलेले असतात. ती पाचर जळाली किंवा पाण्याच्या जेटने उडाली की टेकू सैल. तळघरात टेकू आहेत हे समजलं की तळमजल्याच्या जमिनीवर भरवसा ठेवायचाच नाही. आणि आत उतरलेल्या माणसांनी जेट मारताना टेकूच्या बुडाशी मारायचा नाही.

दुरुस्तीच्या कामांत आणखी दोन गोष्टी कायम सापडतात. एक, दुकानदाराने माल ठेवायला मधली भिंत काढलेली असते आणि वर चॅनेल टाकलेलं असतं. दोन, खालून पीओपीची किंवा फळ्यांची सीलिंग मारलेली असते. त्या सीलिंगच्या वरच्या पोकळीत आग या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरते. खाली उभ्या माणसाला वाटतं आग एका कोपऱ्यात आहे, आणि वर वासे सगळीकडे पेटलेले असतात.

तुळई_वासा

@गवंडीकाम यांचा टेकूचा मुद्दा धाग्यातला सर्वांत कामाचा आहे. महापालिकेच्या वर्गवारीत इमारत सी-१ असेल तर ती रिकामी करायचीच असते, पण सी-२ (मोठी दुरुस्ती लागणाऱ्या) वर्गातल्या कितीतरी इमारती राहत्या आहेत आणि टेकूवर आहेत.

आता राहिलेले दोन प्रकार. आरसीसी स्लॅब लाकडासारखी पटकन जात नाही. काँक्रीट उष्णता हळू आत जाऊ देतं, सळ्या थंड राहतात. पण ते काम खालचं १५-२० मिमीचं आवरण करतं, आणि मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत कितीतरी तळघरांत ते आधीच फुगून पडलेलं असतं. सळ्या गंजून उघड्या. अशा सळीला आग थेट लागते. दुसरं, ओलसर काँक्रीट एकदम तापलं की आतल्या वाफेने त्याच्या चिपा स्फोटासारख्या उडतात. वरच्या माणसाला कळत नाही, पण तळघरात उतरलेल्याच्या डोक्यावर ताटाएवढे तुकडे पडतात.

नव्या टॉवरमध्ये वेगळी काळजी. गाडी उभी करतो ती जागा बरेचदा तळघराची स्लॅबच असते. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे अग्निशमन गाडीची वाट ४५ टनांपर्यंतची गाडी पेलणारी हवी. ती ताकद थंड स्लॅबची. खाली गाड्या पेटलेल्या असताना त्याच स्लॅबवर भरलेला जंबो टँकर किंवा टर्नटेबल लॅडर लावायची नाही. लॅडरच्या आउटरिगरखाली (बाजूला टेकवायच्या पायांखाली) सगळं वजन चार ठिकाणी एकवटतं. गाडी तळघराच्या हद्दीबाहेर, पक्क्या जमिनीवर उभी करून होज लांबवायचा. हद्द कुठे संपते हे गेटवरच्या वॉचमनला माहीत नसतं, म्हणून नकाशा लागतो.

चौथा प्रकार पोटमाळा. गाळ्यात अँगल-चॅनेल जोडून वर प्लायवूड किंवा पत्रा. याला मिनिटं मोजत बसू नका. आग खालून लागलेली असेल तर त्यावर चढायचंच नाही.

धावता_जिना

अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेच्या चाचण्यांचा दाखला नेहमी दिला जातो. उघड्या साध्या लाकडी वाशांची जमीन साधारण १८ मिनिटांत आणि पातळ आय-आकाराच्या कारखानी वाशांची साधारण ६ मिनिटांत कोसळली. इथे हे वासे कुणी वापरत नाही, मग आपल्याला त्याचा उपयोग काय?

लाल_गाडी

आकडे जसेच्या तसे उचलायचे नाहीत, बरोबर. उपयोग दोन गोष्टींचा आहे.

पहिली, घड्याळ कुठून सुरू होतं. ६ काय नि १८ काय, ती मिनिटं आग पेटल्यापासूनची आहेत, गाडी पोहोचल्यापासूनची नाहीत. बंद शटरच्या तळघरात रात्री आग लागली तर ती कुणाच्या लक्षात येईपर्यंतच दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मग १०१ ला फोन, गाडी निघणार, गल्लीतल्या दुचाक्या बाजूला होणार, होज जोडले जाणार. पहिला माणूस दारात उभा राहतो तेव्हा वासा वीस-पंचवीस मिनिटं जळलेला असू शकतो. वरच्या हिशोबातला ५४ टक्क्यांचा वासा तोच.

दुसरी, त्या चाचण्यांनी आणि अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या अपघात तपासांनी वारंवार दाखवलं की जमीन जाण्याआधी वरच्या माणसाला भरवशाचा इशारा मिळेलच असं नाही. आपल्याकडचं लाकूड वेगळं असलं तरी हे तसंच लागू आहे. कोब्यामुळे उलट जास्तच.

फायर_कोर्स_१

आम्हाला शिकवतात की कुऱ्हाडीच्या दांड्याने पुढची जमीन ठोकत जायचं. पोकळ किंवा मऊ लागली तर थांबायचं. आणि आता थर्मल कॅमेरे आलेत. दोन्ही वापरले तर अंदाज येणार नाही का?

तुळई_वासा

ठोकणं सोडू नका. जिथे आधीच भोक पडलंय किंवा फळी सुटलीय तिथे ते वाचवतं. पण ठोकल्यावर घट्ट लागली म्हणून जमीन सुरक्षित, हे अनुमान चुकीचं. १०० मिमी कोबा आणि वर २५ मिमी शहाबादी लादी असेल तर खालच्या फळ्या जळून गेल्या तरी दांड्याला भरीवच आवाज येतो. कोबा स्वतःच काही काळ वासा ते वासा अंतर पेलतो आणि मग एका क्षणात तुटतो.

कोबा-लादीचं वजनही बघा. १०० मिमी कोबा चौरस मीटरला १८० ते २०० किलो, २५ मिमी लादी ६५ किलो. म्हणजे माणूस, माल, पाणी काही नसताना चौरस मीटरला अडीचशे किलो त्या जळत्या वाशांवर कायम आहे.

थर्मल कॅमेरा फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. सव्वाशे मिमी दगड-कोब्यातून उष्णता वर यायला तासापेक्षा जास्त लागू शकतो. तोवर पडद्यावर सगळं थंड दिसतं. कॅमेरा वापरायचा तो भिंत-जमिनीच्या सांध्यावर, पाइप जिथून खाली जातो त्या भोकांवर, जिन्याच्या दाराच्या वरच्या कडेवर आणि बाहेरून झरोक्यांवर. मधल्या जमिनीवर धरून 'सेफ' म्हणायचं नाही.

लाल_गाडी

@फायर_कोर्स_१, दिसणाऱ्या खुणाही सांगतो, पण अट एक: खूण दिसली तर मागे फिरायचं, नाही दिसली तर 'ठीक आहे' असं समजायचं नाही.

लाद्यांचे सांधे उघडणं किंवा लादी उचलली जाणं. भिंतीच्या बुडातून, स्विचबोर्डातून, पाइपाच्या कडेने धूर दाबाने येणं. जमिनीवर टाकलेलं पाणी एका बाजूला जमणं (तिथे जमीन बसलीय) किंवा सांध्यातून खाली गायब होणं. उघडी असलेली दारं अडकायला लागणं, कारण चौकट तिरकी झाली. प्लास्टरची बारीक भुकटी सतत गळणं. भिंतीला पोट. आणि लाकडाचा कर्रकर्र आवाज, जो पंप आणि बीएच्या (पाठीवरच्या हवेच्या सिलेंडरच्या श्वसनसंचाच्या) श्वासाच्या आवाजात ऐकू येईलच असं नाही. म्हणून बाहेर एक माणूस फक्त इमारतीकडे बघायला ठेवावा, ज्याच्या हातात दुसरं काही काम नाही आणि ज्याचं 'बाहेर' हे एक वाक्य सगळ्यांना बंधनकारक आहे. इमारत जाण्याची चिन्हं असतील तर उंचीच्या दीडपट अंतर मोकळं हवं. आपल्या गल्ल्यांत तेवढं मिळत नाही. मग समोरासमोर उभं न राहता इमारतीच्या कोपऱ्यांच्या बाजूला उभं राहायचं आणि मॉनिटर (जमिनीवर ठेवायची पाण्याची तोफ) लावून माणसं मागे घ्यायची.

आता मुख्य प्रश्न, काम कसं करायचं.

उतरल्यावर आधी चार उत्तरं हवीत: आग कधीपासून, खाली काय भरलंय, खाली जायच्या वाटा किती, जमीन कशाची. दुकानाचा नोकर किंवा वॉचमन हे दोन मिनिटांत सांगतो. तेवढ्यात एकाने इमारतीला फेरी मारायची. पूर्ण फेरी शक्य नसेल तर मागची बोळ तरी. पदपथालगतचे झरोके, जाळ्या, मागचा माल उतरवायचा दरवाजा, रॅम्प शोधायचा. उतारावरच्या इमारतीत एका बाजूचं तळघर दुसऱ्या बाजूला तळमजला असतं. तिकडून सपाट जमिनीवरून आत जाता येतं.

पहिलं पाणी शक्यतो आगीच्याच पातळीवरून. झरोक्यातून जेट आत घालून छताच्या खालच्या अंगावर मारायचा, म्हणजे तो फुटून पसरतो आणि वासेही थंड होतात. टेकू आणि बिडाचे खांब वगळून. मिनिटभर मारून धुराचा रंग आणि जोर बघायचा. हे करताना जिन्याचं वरचं दार बंद. दार उघडं ठेवलं की झरोक्यातून हवा आत आणि जिन्यातून ज्वाला वर. जिना धुराडं होतो आणि त्याच्या तोंडाशी आपली माणसं उभी असतात. ३० मे १९९९ ला वॉशिंग्टन डी.सी.त चेरी रोडच्या घरात हेच झालं. आग तळघरात, खालचं सरकतं दार उघडलं गेलं, तापलेले वायू जिन्यातून वर आले, तळमजल्यावरचे दोन फायरफायटर गेले. तिथे जमीन कोसळली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. तळमजल्यावर उभं राहण्याचा धोका फक्त पडण्याचा नाही.

पाणी आगीवर पोहोचलं आणि धुराचा जोर उतरला की मग तळमजल्याचा शोध. वर रहिवासी अडकले असतील तर त्यांना काढायचंच, त्यात दुमत नाही. मात्र दुकानातून आडवं जाऊन नाही. स्वतंत्र दगडी जिना असेल तर त्यावरून, नाहीतर बाहेरून लॅडर.

बीए_सेट

लाल_गाडींनी सिलेंडरमधल्या हवेचा विषय सोडला, तो मी घेतो.

नेहमीचा ६.८ लिटरचा सिलेंडर ३०० बारला भरला तर २०४० लिटर हवा. हवा संपत आल्याची शिट्टी ५० बारच्या आसपास वाजते, म्हणजे कामाची १७०० लिटर. कागदावर मिनिटाला ४० लिटर धरतात. भरलेला ६३ मिमी होज ओढत, गरम जागेत, जिना उतरताना ६० लागतात आणि घाबरलेल्या माणसाला त्याहून जास्त. ६० ने २८ मिनिटं, ८५ ने २०. तळघरात उतरणं सोपं आणि चढणं अवघड, म्हणून 'जाताना एक, येताना एक' हा हिशोब इथे चालत नाही. जाताना ६० बार गेले तर परतीला १२० धरा, वर ५० राखीव. गेज १७० दाखवतोय की फिरायचं, आग समोर दिसत असली तरी. शिट्टी बाहेर आल्यावर वाजली पाहिजे.

दाराशी बीए कंट्रोल बोर्ड, प्रत्येकाचा टॅली (नावाचा बिल्ला), आत जायची वेळ, बार. दोनच्या खाली कुणी आत नाही. तेवढेच दोन पूर्ण तयारीत बाहेर, मास्क गळ्यात. या बाहेरच्या जोडीला पंपाचं, शिडीचं, गर्दी हटवायचं काम द्यायचं नाही.

तळमजल्यावर जावंच लागलं तर भिंतीला धरून, मुख्य तुळईची दिशा ओळखून तिच्यावरून. दोघांत अंतर ठेवून, एका वाशावर दोघे नकोत. पुढचा पाय आधी टेकवायचा, वजन मागच्यावर ठेवून. शंका असेल तर शिडी आडवी टाकून तिच्यावरून, म्हणजे वजन दोन-तीन वाशांवर वाटलं जातं. होज हातातून सोडायचा नाही, परतीची दोरी तीच.

माणूस खाली गेलाच तर चार जण भोकाकडे धावतात. तेच थांबवायचं, कारण कड त्यांनाही घेऊन जाते. पहिलं काम रेडिओवर तीन वेळा मेडे (जिवावर बेतल्याची हाक), कोण, कुठे, किती बार. दुसरं, भोकातून स्प्रे, त्याच्या आजूबाजूला, त्याला झाकण्यासाठी. तिसरं, बाहेरची जोडी तळघराच्या वाटेने त्याच्याकडे. ती वाट नसेल तरच कडेवर शिडी आडवी टाकून दुसरी शिडी भोकातून खाली. पडलेल्याने स्वतः डीएसयू (अंगावरचा धोक्याचा गजर) दाबायचा. अर्धं मिनिट निपचित राहिलं की तो आपोआप वाजतो, पण तेवढं थांबायचं कशाला? मग भिंत गाठायची, मधे थांबायचं नाही, कारण उरलेली जमीन मधेच पडते.

धावता_जिना

पाण्याच्या वजनावर कुणी बोललं नाही अजून.

२० मिमीच्या नोझलमधून ४ बारला किती पाणी जातं याचं जुनं सूत्र: व्यासाचा वर्ग गुणिले दाबाचं वर्गमूळ गुणिले दोन तृतीयांश. ४०० × २ × २/३ म्हणजे मिनिटाला साधारण ५३० लिटर. अर्ध्या टनाहून जास्त. वरच्या मजल्यावर असे दोन जेट दहा मिनिटं चालले की दहा टन पाणी. त्यातलं निचरा किती होतं हा प्रश्न. ४ बाय ५ मीटरची खोली, दाराला १० सेंटिमीटरचा उंबरा, मोरीच्या जाळीत कापडाचे बोळे: दोन टन पाणी जमिनीवर बसून. कापडाचे तागे आणि कागदाचे गठ्ठे पाणी पिऊन जड होतात ते वेगळंच. आणि गच्चीवर टाकी असतेच, ५००० लिटर म्हणजे पाच टन, जळत्या सांगाड्याच्या डोक्यावर.

म्हणून कुणीतरी मोरीची जाळी काढणं, उंबरा फोडणं, पाणी जिन्याने वाहू देणं याकडे बघायला हवं. जेट चालू ठेवायचा तो ज्वाला असेपर्यंत, 'अजून थोडं' म्हणून नाही.

बीए_सेट

+१. आग विझल्यावर धुमसणारे गठ्ठे उपसताना पुन्हा तीच जमीन असते, आता जळलेली आणि ओली. इथेच लोक बीए उतरवतात आणि चहा घेऊन परत आत जातात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघेपर्यंत उपसा खालून किंवा बाहेरून. तळघरात कार्बन मोनॉक्साइड साचून राहतो, ज्वाला नसताना जास्तच.

सेक्रेटरी_सी_विंग

सगळं वाचलं. आमचा २२ मजली टॉवर, दोन तळघरं, दुचाकी चार्जिंग खाली आहे. गाडी यायच्या आधी आम्ही काय तयार ठेवावं? खर्चाचा विषय नाही, नेमकं काय ते सांगा.

फॉर्म_ब

@सेक्रेटरी_सी_विंग, २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याखाली वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी द्यावा लागतो. तो सहीपुरता घेऊ नका. एजन्सीचा माणूस तळघरात उतरला तर त्याच्यासोबत उतरा आणि पुढच्या गोष्टी करून दाखवायला सांगा.

स्प्रिंकलरचा शेवटच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडून पाणी येतं का, पंप आपोआप सुरू होतो का. तळघर २०० चौ. मी. पेक्षा मोठं असेल तर स्प्रिंकलर हवेतच. पंप 'मॅन्युअल'वर ठेवलेला सापडणं ही नेहमीची गोष्ट, कारण 'ऑटो'वर रात्री आवाज होतो म्हणून तक्रार येते. पॅनेलवर 'ऑटो' लिहून सील लावा.

गेटजवळचं फायर ब्रिगेड इनलेट. त्याची टोपी हाताने उघडते का, आत कचरा आहे का, आणि कोणतं इनलेट तळघराच्या स्प्रिंकलरचं हे रंगाने लिहिलंय का. याचं महत्त्व वरच्या चर्चेतून कळेल: गाडीचा पंप इथे जोडला तर एकही माणूस खाली न उतरता पाणी आगीवर पडतं.

वायुवीजनाच्या जाळ्या. एकूण क्षेत्र तळघराच्या २.५ टक्के हवं, सगळीकडे वाटलेलं. १००० चौ. मी. ला २५ चौ. मी. पावसाचं पाणी येतं म्हणून पत्रे ठोकलेले, समोर कुंड्या, कुणाची स्टोअररूम. सगळं मोकळं करा. लाल_गाडी जेट आत घालायला हीच भोकं शोधतात.

चार्जिंग शक्य असेल तर उघड्यावर आणा. खालीच ठेवायचं असेल तर रॅम्पच्या तोंडाजवळ, जिना आणि लिफ्टपासून लांब, बाहेरून बंद होणाऱ्या मेन स्विचवर. लिथियम बॅटरी पेटली की विषारी वायू सोडते आणि विझल्यावर काही तासांनी पुन्हा पेटू शकते, त्यामुळे जळालेली गाडी खाली ठेवून द्यायची नाही. तळघरात जुने सोफे, रंगाचे डबे, गाद्या ठेवू देऊ नका.

सेक्रेटरी_सी_विंग

आणि वॉचमनच्या हातात काय द्यायचं? नकाशा देतो, पण तो ए-शून्य आकाराचा, गुंडाळी केलेला. रात्री कोण उघडणार.

तुळई_वासा

आर्किटेक्टचा नकाशा नको. ए-३ आकाराचा एक कागद, लॅमिनेट केलेला, चार प्रती: गेट, लॉबी, दोन्ही रॅम्प. त्यावर एवढंच: तळघराची बाहेरची हद्द जाड लाल रेषेने, म्हणजे गाडी कुठे लावायची नाही ते कळेल. जिने, रॅम्प, जाळ्या. इनलेट. विजेचा मेन, जनरेटर आणि डिझेलची टाकी लिटरसह, पाइप गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह, चार्जिंगची जागा. स्लॅबचा प्रकार आणि जाडी. सळ्या उघड्या पडलेल्या जागा रेघा मारून, शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटवरून. तीस वर्षांवरच्या इमारतीला ते ऑडिट तसंही बंधनकारक आहे.

पागडीवाला

आमच्याकडे गेट नाही की लॉबी नाही. हाच कागद जुन्या इमारतीला कसा करायचा?

गवंडीकाम

जिन्याच्या पहिल्या वळणाला भिंतीवर रंगवा, कागद राहत नाही. लिहा: जमीन लाकडी, टेकू तळघरात इतके, झरोके कोणत्या बाजूला, मागचं दार कोणत्या बोळातून, तळघरातल्या मालाच्या मालकाचा फोन, गच्चीवरच्या टाक्या किती लिटरच्या. आणि टेकू कुठे आहेत त्याच्या बरोबर वर, तळमजल्याच्या लादीवर, पिवळ्या ऑइल पेंटने फुली मारा. ऑइल पेंट वर्ष-दीड वर्ष टिकतो, दर दिवाळीला नवा हात द्या.

लाल_गाडी

@पागडीवाला, फुलीचा खर्च डबाभर रंगाचा आहे, हे याच आठवड्यात करून टाका. आणि रंगवून झालं की जवळच्या स्टेशनला जाऊन सांगा, एकदा येऊन बघून जा म्हणून. ड्रायव्हर-ऑपरेटर, लीडिंग फायरमन, सगळ्यांनी ती गल्ली दिवसा पाहिलेली असली पाहिजे: कुठली गाडी कुठपर्यंत जाते, होजच्या १५ मीटरच्या किती लांब्या लागतात, मागची बोळ किती रुंद आहे. दुकान उघडं असेल त्या वेळीच बोलवा, म्हणजे तळघरात उतरून वाशांची भिंतीतली टोकंही बघता येतील.